डायलिसिस चालू असताना घरून बीकॉम, कुणी केलंय का? सल्ला हवाय (थोडं लांबलंय, सॉरी)

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २७, सोलापूरपासून तासाभरावर गाव. बारावी कॉमर्स, मग सोलापुरात एफवाय बीकॉम झालं आणि एसवायला असताना तोंडावर नि पायावर सूज यायला लागली, आम्हाला वाटलं झोप नाही म्हणून, शेवटी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारा आकडा) कुठल्या कुठे गेलेलं, म्हणजे किडन्या निकामी. दोन वर्षं झाली सोमवार-गुरुवार डायलिसिसला जाते. ते महात्मा फुले योजनेत बसतं, पण रक्त वाढायची इंजेक्शनं आणि बाकी गोळ्या बऱ्याचदा बाहेरून घ्याव्या लागतात. वडील नाहीत. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दुकानात घालते, त्यावर आणि माझ्या लाडकी बहीणच्या १५०० वर चाललंय. (घरभर शेंगदाण्याचा खमंग वास आणि मला शेंगदाणा बंद, हे वेगळंच.)

कॉलेजला रोज जाणं आता होणार नाही. घरून डिग्री करायचीय. मुक्त विद्यापीठ (नाशिकचं) की इग्नू (दिल्लीचं)? बीकॉमच पुढे नेऊ की बीए करू? आणि मुख्य म्हणजे झेपेल का? फी भरली आणि मधेच अॅडमिट झाले तर पैसे बुडाले असं व्हायला नको, आईनं ते कसे साठवलेत मला माहितीय.

पंढरीचा_अण्णा
ताई, राग मानू नका पण आधी तब्येत. शिक्षण कुठे पळून जात नाही. ट्रान्सप्लांटचं काही जमतंय का ते बघा, एकदा बरं वाटलं की मग शिका की निवांत.

शेंगाचटणी
अण्णा, राग नाही. आईचा ग्रुप जुळला नाही, यादीत नाव घातलंय, नंबर कधी लागेल ते कुणालाच सांगता येत नाही. तोवर काय करू? आठवड्यातले आठ तास मी त्या बेडवर पडून छताचा पंखा बघते. त्याच्या पात्यावर कुठे किती धूळ आहे ते पाठ झालंय मला.

ड्राय_वेट_५२
हा धागा माझ्यासाठीच आलाय 😀 नऊ वर्षं मशीनवर, बीए इग्नूतून केलं, इतिहास घेऊन. टाइप करायला एकच हात मोकळा आहे, चुका माफ.

पहिली गोष्ट, 'झेपेल का' हे इथं कुणी सांगू शकत नाही आणि फी भरून शोधायची तर गरजच नाही. इग्नूची पुस्तकं ईज्ञानकोश नावाच्या साइटवर फुकट आहेत, अॅडमिशन नसली तरी डाउनलोड होतात. तुला हवा त्या विषयाचा एक ब्लॉक (म्हणजे पुस्तकाचा एक भाग, त्यातले धडे म्हणजे युनिट) उतरव आणि दोन आठवडे, म्हणजे चार डायलिसिस, तेवढाच वाच. मुक्तला जायचं ठरलं तरी अंदाज येतो. चार बसण्यांत एक युनिट झालं तर झेपेल. नाही झालं तर एक रुपया गेला नाही.

आता मशीनवर वाचायचं कसं. पहिले दोन तास आपले. तिसऱ्या तासाला माझं बीपी उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा कितीही सोपं वाच, डोक्यात काही शिरत नाही. म्हणून नवीन भाग सुया टोचून स्थिरस्थावर झालं की लगेच, आणि नंतर कानात लेक्चर लावून डोळे मिटून पडायचं. पुस्तक जाड असेल तर एका हातात उघडं राहत नाही, मी सरळ शिलाई उसवून युनिटांचे वेगळे गठ्ठे करायचो आणि क्लिपा लावायचो. मित्र म्हणाला पुस्तकाचा खून केलास. असू दे.

डायलिसिसचा दिवस संध्याकाळी गेलाच समज. घरी आल्यावर अंग पिळून काढल्यासारखं होतं. खरा दिवस दुसरा, म्हणजे तुझे मंगळवार आणि शुक्रवार, लिखाण त्याच दिवशी. रविवार रात्र आणि सोमवार सकाळ अजिबात धरू नको, गुरुवारनंतर मोठी गॅप पडते, पाणी साठलेलं असतं, दम लागतो. अभ्यासाचं टाइमटेबल घड्याळावर नाही, सुयांवर लावायचं.

लोकल_८_०२
बापरे, ड्राय वेट, दंडवत घ्या.

धागाकर्ती, पैशाचं मी सांगते कारण माझं त्यातच पोळलंय. आमच्या इथल्या एका 'अॅडमिशन सेंटर'वाल्यानं भावाला घरबसल्या एका वर्षात डिग्री म्हणून गंडवलं, पैसे गेलेच वर विद्यापीठ मान्यता नसलेलं निघालं. तीन वर्षांची डिग्री एका वर्षात देतो म्हणणारा खोटा, विषय संपला. फॉर्म स्वतः विद्यापीठाच्या साइटवरून भर, नेट कॅफेवाला बसला तरी शेजारी तू बस आणि पासवर्ड तुझ्या वहीत. मान्यता यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर बघता येते. आणि आता प्रवेशाआधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते खातं) आणि डीईबी आयडी (त्याच ब्युरोचा नंबर) काढावा लागतो, फुकट आहे, पण आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर गाडी तिथंच अडते. आधी ते बघ. माझं आधारवर सासरचं आणि मार्कशीटवर माहेरचं, दीड महिना गेला.

इग्नूत छापील पुस्तकं नकोत, सॉफ्ट कॉपी चालेल म्हटलं की फीत १५ टक्के सूट मिळते. एससी-एसटीसाठी काही कोर्सना फी माफी असते, कोणत्या ते प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. परीक्षा फी वेगळी, पेपरमागे २०० रुपये, ती लोक हिशोबात धरतच नाहीत.

केंद्रसंयोजक_निवृत्त
मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला झालं ते तुमच्यासारख्यांसाठीच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद नुसतं लेटरहेडवर नाही, माझ्या वर्गात एसटीचे कंडक्टर, अंगणवाडीच्या बाई आणि त्यांची बारावी झालेली मुलगी एका बाकावर असायच्या. पुस्तकं मराठीत आणि एकट्यानं बसून वाचता येतील अशीच लिहिलेली. बीकॉम मराठीतून करायचं असेल तर माझं मत मुक्तला. इग्नूला बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी चालवून घ्यावं लागेल.

बेटा, दोन कामं कर. एक, अर्जाआधी केंद्रावर प्रत्यक्ष जा आणि जाताना आईला घेऊन जा. संयोजकाला सांग की सोमवार-गुरुवार डायलिसिस असतं. संपर्क सत्रं बहुतेक शनिवार-रविवारी असतात, पण विचारून घे. दोन, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून एक साधं पत्र घे, किती दिवसांनी डायलिसिस लागतं, जिना चढायला त्रास होतो, फिश्च्युलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचतात त्या) हातावर वजन घेता येत नाही, एवढंच. त्याची झेरॉक्स परीक्षा केंद्राला आधी द्यायची आणि पोच घ्यायची, म्हणजे तळमजल्यावर बसवा म्हणता येतं. परीक्षेच्या दिवशी दारात जाऊन सांगितलं तर कुणी ऐकत नाही हो, त्या दिवशी सगळेच गडबडीत असतात.

एफवाय झालंय, त्याचं क्रेडिट धरतील का हे तोंडी विचारू नको. अर्ज दे आणि उत्तर लेखी घे. एक वर्ष वाचलं तर एका वर्षाची फी वाचली.

पंढरीचा_अण्णा
मी मघाशी जरा सरसकटच बोललो, ते मागं घेतो. एक माहिती देतो, डायलिसिसच्या पेशंटला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीवाल्यांसारखीच. दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं, डेपोत विचारा. माझ्या मेव्हण्याला वर्षभर माहीतच नव्हतं.

शेंगाचटणी
अण्णा, ते मला आहे, तरी थँक्यू 🙏 (आईला अर्धं तिकीट पडतं.)

ड्राय वेट दादा, डिग्री कशाला पाहिजे असं विचारलं नाहीत पण सांगते. आई ज्या दुकानात माल घालते तिथले शेठ म्हणाले टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येत असेल तर घरून वहीखातं लिही, महिन्याला काहीतरी देतो. म्हणून बीकॉम डोक्यात आहे. पण पडल्या पडल्या एका हातानं गणितं सुटतील का?

ड्राय_वेट_५२
नाही सुटत. खरं सांगतो, मी पहिल्यांदा बीकॉमच धरलं होतं. ताळेबंद आडवा पडून मांडता येत नाही, पान छातीवरून घसरतं आणि पेन वरून धरलं की शाई उतरत नाही. म्हणून कॉमर्सचं थिअरी मशीनवर आणि गणितं मंगळवार-शुक्रवार घरी टेबलाशी, अशी वाटणी केली तरच जमेल. मला तेव्हा हे सुचलं नाही, सोडून बीए घेतलं.

आणि टॅलीसाठी तीन वर्षं थांबू नको गं, ते वेगळं शिकता येतं. शेठला डिग्री नको, खातं जुळलेलं हवंय.

परीक्षेचंही ऐकून ठेव, मी इग्नूचं सांगतोय. जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. तात्पुरतं वेळापत्रक आलं की पेपर कुठल्या वारी आलाय ते बघायचं आणि डायलिसिसच्या दिवशी येणारा सरळ सोडून द्यायचा, त्याचा फॉर्मच भरायचा नाही, पुढच्या खेपेला द्यायचा. माझ्या वेळी तीन वर्षांच्या बीएला सहा वर्षांची मुदत होती, मी पाच घेतली. नातेवाईक विचारायचे अजून संपलं नाही का. नाही संपलं! असाइनमेंटला ३० आणि पेपरला ७० टक्के वजन होतं, त्यामुळे असाइनमेंट वेळेत आणि स्वतःच्या हातानं लिहून दिल्या की निम्मी भीती गेली. तयार उत्तरं विकणारे भेटतात, घेऊ नको, तेच लिहिताना अभ्यास होतो. मुक्तचे नियम मात्र वेगळे, ते काकांना विचार.

अजून एक, शिफ्ट बदलून पेपर देईन असा शहाणपणा करू नको. सकाळची शिफ्ट उरकून दुपारी दोनचा पेपर मी एकदा दिलाय. उत्तरपत्रिकेवर सही कुठे केली तेसुद्धा आठवत नाही.

लोकल_८_०२
पाण्याचं काय करायचात तीन तास? तिला मोजून असणार ना.

ड्राय_वेट_५२
पाव लिटरची बाटली, त्यातलं अर्धं. घसा कोरडा पडला तर लवंग तोंडात. आणि वर्गात कुणीतरी प्रेमानं नारळपाणी पुढं करतंच, त्याला हात जोडायचे, पोटॅशियम.

शेंगाचटणी (सतरा दिवसांनी)
अपडेट द्यायला आले. चार डायलिसिस झाले. ईज्ञानकोशवरचा अकाउंटिंगचा एक हिंदी ब्लॉक आणि एक अर्थशास्त्राचा, दोन्ही फोनवर घेतले. पहिल्या दिवशी तीन पानं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, मशीन सारखी वाजत होती आणि शेजारच्या आजींना थंडी वाजून आली, त्यांना माझी चादर दिली. तिसऱ्या दिवशी अकरा पानं!! सिस्टर म्हणाल्या आज बरीच गप्प आहेस, त्रास होतोय का. चौथ्याला युनिट संपलं, शेवटची दोन पानं मात्र घरी येऊन वाचली, तेवढी चीटिंग.

अर्थशास्त्र शिरलं डोक्यात. अकाउंटिंगची उदाहरणं शुक्रवारी भाकरीच्या पाटाशेजारी बसून सोडवली, आईच्याच मालाचे आकडे घालून. शेठकडून दोन महिन्यांचं ३४० रुपये येणं निघालं, ते तिच्या लक्षातच नव्हतं. आता ती रोज विचारते फॉर्म कधी भरायचा.

काका, मी मुक्तच्या बीकॉमचं मनावर घेतलंय, आधारवर नाव बरोबर आहे, बघितलं. शनिवारी केंद्रावर जातोय दोघी, डॉक्टरांचं पत्र मिळालं. एफवायची मूळ मार्कशीट नेऊ की झेरॉक्स चालेल?

केंद्रसंयोजक_निवृत्त
दोन्ही ने. मूळ दाखवायची, हातातून सोडायची नाही. आणि दुपारी एकच्या आत पोच, नंतर कारकून जेवायला जातो.