बरं झालं नाही म्हणजे विश्वास कमी पडला का?

सांगलीची_लेक
आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कालपासून एका भावाची साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, फिरतेय. कॅन्सर ही देवाने दिलेली भेट होती, मी एकदाही शंका घेतली नाही म्हणून बरा झालो, ज्यांचा विश्वास पक्का त्यांना चंगाई, म्हणजे देवाकडून बरं होणं, मिळतेच. खाली आमेनवर आमेन. तो भाऊ बरा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते शेवटचं वाक्य वाचल्यापासून झोप नाही म्हणून लिहितेय, लांबणार आहे.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. मिरजेला डायलिसिस, एका वेळी चार तास मशीनवर. पाणी मोजून प्यायचं, केळं बंद, शहाळं बंद, आणि एप्रिल-मे मधलं सांगलीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. माझ्यासाठी प्रार्थना झाल्या, मंडळीच्या वडीलजनांनी येऊन प्रार्थनेचं तेल लावलं, आई अजून शुक्रवारचा उपास धरते. किडनी काही परत आली नाही. मग विश्वास कुणाचा कच्चा, माझा का आईचा? बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, तरी कुठं निघालं? तीनदा विनवलं त्यानं आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे, काटा काढतो असं आलं नाही. त्याच्या सोबत्याला, त्रफिमाला, त्यानं मिलेत गावात आजारी सोडलं. त्याच्या शिष्याचं, तीमथ्याचं, पोट सारखं बिघडायचं. त्यांना कुणी म्हणालं नाही की तुमचा विश्वास कमी पडतोय.

देव मला आजारपणातच नीट भेटला, हे मी शंभर लोकांसमोर सांगेन. शेजारच्या बेडवर जतच्या एक आजी असायच्या, तोंडात सतत विठ्ठल. माझं बीपी घसरलं की माझ्या आधी त्या सिस्टरला हाक मारायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला त्यांच्यात प्रभूची कृपा दिसली. पण आजार त्यानं पाठवला, किंवा बरं होणं हीच एक कृपा, हे मी मानणार नाही.

विश्वासू_तासगाव
ताई तुमचं दुःख कळतं, पण तुम्ही दुसऱ्याच्या साक्षीवर पाणी ओतताय. मला जीबीएस झाला होता, नसांवर हल्ला करणारा आजार. पायापासून लुळा पडत वर आलो, शेवटी श्वास पण घेता येईना, व्हेंटिलेटरवर टाकलं, डॉक्टर बायकोला म्हणाले काही सांगता येत नाही. त्या रात्री आमची सगळी मंडळी गुडघ्यावर होती. आज मी स्वतः द्राक्षबागेत फवारणी करतो. हे मी सांगू नको का? प्रभूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाला पण लोक गप्प बस म्हणत होते. बायबलमधलं याकोब ५ उघडून बघा, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, स्पष्ट लिहिलंय. आणि विठ्ठल विठ्ठल करणाऱ्या आजीत तुम्हाला कृपा दिसते तर मग वधस्तंभाची गरजच काय उरली?

सातारी_बाणा
विश्वासूदादा, तुम्हाला पाच दिवस इंजेक्शनं दिली असणार, आयव्हीआयजी. ती हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतात. जीबीएसचे बहुतेक पेशंट महिने लागले तरी उठतात. तुमच्या शेजारच्या बेडवरचा उठला त्याच्यासाठी कुठली मंडळी बसली होती? चंगाई सभेचे फ्लेक्स मी बघतो, लकवा, कॅन्सर, मधुमेह सगळ्यावर इलाज. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. आमच्या साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांना २०१३ साली गोळ्या घातल्या, तेव्हा कुठं जादूटोणाविरोधी कायदा आला. तुमचं आमचं कुणाचंच बुवाबाजीतून सुटत नाही.

विश्वासू_तासगाव
प्रार्थनेला बुवाबाजी म्हणू नका. मी एक गोळी चुकवली नाही. ज्या मिरजेत बरा झालो तिथं दवाखाना कुणी आणला ते पण सांगा की. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तिकडं टीबीचं सॅनेटोरियम झालं त्या गावाला अजून वानलेसवाडीच म्हणतात. ती माणसं विश्वासातूनच आली होती.

निवृत्त_सिस्टर
बरोबर, आणि त्यांनी विश्वासातून आधी ऑपरेशन थिएटर बांधलं हे विसरू नका. मी सगळी नोकरी वॉर्डात केली. सांगलीच्या लेकीला माझा पाठिंबा. पण मला वेगळंच बोलायचंय. हल्ली आजाऱ्याला भेटायला दहा-बारा पोरं येतात गिटार घेऊन, आयसीयूच्या दारात हिंदी इंग्लिश गाणी, टाळ्या, आरडाओरडा. आत माणूस मरणाशी झुंजतोय आणि बाहेर यांचं चालू. आमच्या वेळी एक म्हातारे पाळक यायचे, खुर्ची ओढून बसायचे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद हळू आवाजात म्हणायचे आणि पेशंटचे पाय दाबून जायचे. पेशंट झोपायचा हो!

वाईचा_पोरगा
सिस्टर सॉरी पण हे नेहमीचंच झालंय. तरुण आले तरी प्रॉब्लेम, नाही आले तरी प्रॉब्लेम. माझ्या आत्याला शेवटच्या आठवड्यात आमच्या ग्रुपचीच गाणी हवी होती, तीच ऐकत गेली. टिळकांची भाषा आमच्या पिढीला कळत नाही हे खरं आहे.

निवृत्त_सिस्टर
कळत नाही कारण शिकवली नाही. सातारा जिल्ह्यातल्या पोरानं हे बोलावं? १९१७ ला मिशन सोडून टिळक साताऱ्यातच येऊन राहिले, तिथंच देवाचा दरबार ही आपली संस्था सुरू केली. ब्राह्मणाघरी जन्मलेला माणूस, ओवी अभंग सगळं घेऊन प्रभूपाशी आला, म्हणून तर खेड्यातली बाई सुद्धा त्याची पदं तोंडपाठ म्हणायची.

कृष्णाकाठ
सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे तर कीबोर्डवाल्याने पेटी आणि टाळ अडगळीत टाकले. कीर्तन शेवटचं कधी झालं आठवत नाही. परवा एका मयतीला पण स्पीकर!

वाईचा_पोरगा
काका, पेटी वाजवायला मी तयार होतो, शिकवा म्हटलं तर तुम्हीच म्हणालात वेळ नाही. आत्ता इथं लिहायला वेळ आहे.

कृष्णाकाठ
मर्यादेनं बोल. तुझ्या वडिलांना ओळखतो मी.

वाईचा_पोरगा
ओळखता ना? मग ते आजारी असताना एकदा तरी आलात का? गिटारवाली पोरंच डबा घेऊन यायची, रात्री दवाखान्यात झोपायची पण तीच. तुमची पदं घरी बसून ऐकायची का त्यांनी?

सांगलीची_लेक
कृपा करून थांबा दोघं. मी गाण्याबद्दल विचारलं नव्हतं. तरी पोराचं शेवटचं वाक्य मला माझ्याच विषयावरचं वाटतं. डबा घेऊन येतो, रात्री झोपायला येतो, त्याला मी कृपा म्हणते. तू का बरी होत नाहीस असं विचारून जाणारे पण आलेत माझ्याकडे. एक बाई म्हणाल्या कुठलं तरी लपवलेलं पाप असेल, आठवून बघ. योहान ९ मध्ये एका जन्मांधाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं का आईबापाचं, आणि प्रभू म्हणाला याचंही नाही त्यांचंही नाही. त्या बाई गेल्यावर मी प्रार्थना करणं सोडलं होतं. किडनीनं नाही सोडायला लावलं, त्या बाईनं लावलं.

विश्वासूदादा, आजींबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जखमी माणसापाशी थांबला तो परका मानलेला शोमरोनी होता, याजक बाजूनं निघून गेला. ही गोष्ट प्रभूनंच सांगितलीय. त्यानं वधस्तंभ लहान झाला नाही.

सातारी_बाणा
ताई तुमच्याशी भांडायला काही उरत नाही राव. फक्त एक कळत नाही, आजी चांगल्या होत्या, पोरं चांगली आहेत, एवढं पुरे की. मध्ये देव कशाला?

सांगलीची_लेक
कारण मशीनवर असताना दुसऱ्या तासाला पायात गोळे येतात, तेव्हा आजी पण काही करू शकत नव्हत्या आणि सिस्टर पण सलाइन लावून बाजूला उभी. त्या वेळी मी एकटी नसते. हे तुम्हाला सिद्ध करून दाखवता येत नाही मला, आणि मी खोटं पण बोलत नाही.

सातारी_बाणा
ठीक. पटलं असं म्हणणार नाही, पण ऐकलं.

विश्वासू_तासगाव
मी माझी साक्ष सोडणार नाही हे आधी सांगतो. प्रभूनं मला उठवलं. पण पाप आठव म्हणणारी बाई चुकली, हे मान्य. आणि ज्याचा विश्वास पक्का तोच बरा होतो हे वाक्य मी पण सभेत म्हणत आलोय, ते यापुढं म्हणायचं का याचा विचार करीन, लगेच हो म्हणत नाही. ताई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची सभा आहे. तुम्ही बोलाल का?

सांगलीची_लेक
डायलिसिसचा वार नसेल तर येते. बरी न झालेल्या बाईची साक्ष म्हणूनच बोलणार, आणि माझं झाल्यावर माइक घेऊन "ताई लवकरच बऱ्या होणार, हालेलुया" असं कुणी जोडायचं नाही. हे पाळकांना आधी विचारून घ्या.

विश्वासू_तासगाव
विचारतो. जड जाईल त्यांना. विचारतो.