भिल्लमाडाची राखण कोणाच्या हाती असावी?

कुळागर (चर्चेचा प्रस्ताव)

मादागास्करच्या वायव्य भागात, अनालालावा परिसरातील एका चुनखडीच्या टेकडीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या अवाढव्य माडवर्गीय वृक्षाचे शास्त्रीय वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. ताहिना स्पेक्टाबिलिस हे त्याचे नाव. त्या वेळी त्याची जेमतेम शंभर झाडे माहीत होती. हा वृक्ष आयुष्यात एकदाच फुलतो, फळे पिकली की मरतो. त्याच्या संरक्षणाचा जो मार्ग निवडला गेला तो मला विचार करण्याजोगा वाटतो. जवळच्या गावाने समिती स्थापून राखणीची जबाबदारी घेतली, इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या सहकार्याने बियांची जगभर विक्री झाली, आणि ते उत्पन्न गावाकडे आले. त्यातून गावातील इमारतींची दुरुस्ती झाली, अन्नपिकांना आधार मिळाला.

गोव्यातील भिल्लमाडासाठी, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला भेर्ली माड म्हणतात त्यासाठी, असा विचार आपण का करू नये? काणकोण, सांगे आणि सत्तरीच्या रानांतील हे झाड माशाच्या शेपटीसारख्या पानांमुळे कोणालाही ओळखता येते. याची झावळी मंडपाला लागते, घोस चवथीच्या माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगल्या जाणाऱ्या रानफळांच्या मांडवीत, बांधला जातो, आणि पोखरलेल्या खोडाची पन्हळ करून पाणी नेण्याची पद्धतही जुनी आहे. मात्र याचे जीवनचक्र फार नाजूक आहे. साधारण दहा-पंधरा वर्षांचे झाल्यावर ते प्रथम शेंड्याकडे फुलते, मग एकेक फुलोरा खाली खाली येत जातो, आणि सर्वांत खालच्या घोसाची फळे पिकली की झाड संपते. बी देण्याची मुदत या मोजक्या वर्षांचीच असते. त्या वर्षांत प्रत्येक घोस कोवळा असतानाच कापला गेला, तर ते झाड वंश मागे न ठेवताच मरते. नारळाचा घड उतरवला तरी पुढे कितीतरी वर्षे नवे घड येत राहतात. इथे तशी सवलत नाही.

२०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून नारळाला वृक्षांच्या व्याख्येतून वगळले गेले, तेव्हा गोमंतकीयांनी केवढा आवाज उठवला होता! २०१७ मध्ये त्याला पुन्हा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि राज्यवृक्षाचा मानही मिळाला. रानातल्या माडासाठी असा आवाज कोण उठवणार? माझ्या मते तो त्या रानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या वेळीप, गावडा आणि कुणबी समाजांनी उठवावा, आणि तो केवळ आवाज न राहता निर्णय असावा. कोणत्या झाडाचे घोस बियांसाठी राखायचे, कोणत्या झाडाची झावळी काढायची, बाजारात किती माल न्यायचा आणि कोणत्या दराने द्यायचा, हे ग्रामसभेने ठरवावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूचे जे झाले ते माडाचे का होऊ नये?

डोंगरकडा

प्रस्तावामागची कळकळ मी मानतो, पण तो ज्या दोन गोष्टींवर उभा आहे त्या दोन्हींशी माझा मतभेद आहे.

पहिली गोष्ट अशी की भिल्लमाड भारतापासून श्रीलंका आणि मलेशियापर्यंत पसरलेला आहे. जगभरात शंभर झाडे उरलेल्या वृक्षासाठी जे उपाय अटळ ठरतात, ते या झाडाला लावणे म्हणजे आजार न तपासता औषध देणे होय. एखाद्या वाडीच्या आसपास तो कमी झाला असेल, तर त्या वाडीपुरती कारणे शोधावीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रानातील वस्तूला बाजार मिळवून दिला की तिचे रक्षण होते, हे गृहीतक मला धोकादायक वाटते. केरळमधील कानी समाजाचे उदाहरण आठवावे. त्यांच्या ज्ञानावरून आरोग्यपच्चा या वनस्पतीचे औषध तयार झाले, १९९५ च्या सुमारास त्याचे तंत्र दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वशुल्क या बोलीवर एका औषध कंपनीला दिले गेले, त्यातील निम्मा वाटा कानींच्या न्यासासाठी ठेवला गेला, आणि जगभर या व्यवस्थेची वाहवा झाली. पण मागणी वाढताच रानातून वनस्पती ओरबाडली जाऊ लागली, आणि वनक्षेत्रात तिची लागवड करण्याला वनखात्याचा विरोध राहिला. पैशाची वाटणी न्याय्य होती, तरीही वनस्पतीवरचा ताण टळला नाही. माटोळीच्या बाजारात भिल्लमाडाच्या घोसाला चांगला दर मिळू लागला, तर त्याच वाटेने आपण जाणार नाही याची हमी कोण देईल?

माझा उपाय साधा आहे. अभयारण्यांतील झाडांना हात लावू नये आणि माटोळीसाठी लागणारा भिल्लमाड कुळागराच्या, म्हणजे घरच्या माड-पोफळीच्या बागेच्या, कडेला लावावा. त्याची फळे उदमांजरे खातात आणि बिया रानभर पसरवतात. रानाला माणसाने मोकळे सोडले तर ते काम आपोआप होते.

पानवेल

एक मुद्दा दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. घरच्या माटोळीला एखादा घोस पुरतो. खरा भार स्पर्धांचा आहे. शेकडो प्रकारची रानफळे, वेली आणि कंद मांडणाऱ्या माटोळ्यांचे कौतुक होते, बक्षिसे मिळतात, आणि दुर्मीळ वस्तू मिळवण्याची चढाओढ लागते. त्यातून तरुणांना वनस्पतींची ओळख होते हे मान्य करूनही, मांडलेल्या वस्तूंपैकी किती आपण लावलेल्या आहेत याला गुण द्यावेत, अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही.

खोतीगावकर

मी वेळीप कुटुंबातला आहे, म्हणून या चर्चेत ज्यांच्याविषयी बोलले जात आहे त्यांच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

डोंगरकडा यांनी रानाला माणसाने मोकळे सोडावे असे लिहिले आहे. आमचे वाडे अभयारण्य घोषित होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या रानात आहेत. कुमेरी, म्हणजे आमची डोंगरावरची फिरती शेती, बंद झाली, गुरांच्या वाटा बंद झाल्या, आणि तरी रानातून काही वस्तू नाहीशा होत असतील, तर त्याचे कारण आमच्या कोयत्यात शोधण्यापूर्वी खाणी, रस्ते आणि काजूच्या बागायतींकडे पाहायला हवे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गोव्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न वाघाचा नव्हता. आम्ही वाघाला देव मानतो, त्याची भीती आम्हाला नवी नाही. वनहक्कांचे दावे निकाली निघण्याआधीच आम्हाला उठवणार का, हा तो प्रश्न होता.

परंतु कुळागर यांच्या प्रस्तावालाही मी जसाच्या तसा होकार देऊ शकत नाही. भागीदारीची बोलणी घेऊन लोक आमच्याकडे याआधीही आले आहेत. जैवविविधतेच्या नोंदवहीसाठी आमच्या वडीलधाऱ्यांना झाडांची नावे, औषधे आणि ठिकाणे विचारली गेली. त्यांनी विश्वासाने सांगितली. पुढे त्या नोंदींचे काय झाले आणि त्या कोण वाचतो, हे सांगायला कोणी परत आले नाही. उद्या भिल्लमाडाच्या नावाने समिती होईल, तिचे अध्यक्षपद पणजीत ठरेल आणि आमच्या मुलांना रोजंदारीवर राखणदार नेमले जाईल. अशा व्यवस्थेला मी भागीदारी मानत नाही.

२००३ साली आम्हाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर, मालकी दिली. वेताचे तर त्यात नाव घेतलेले आहे, आणि वेतही माडाच्याच कुळातला. त्याच कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार देते, आणि हे सारे अभयारण्यातही लागू आहे. तेव्हा क्रम असा असावा: आधी सामूहिक हक्काचा दावा मंजूर व्हावा, मग ग्रामसभेने माडाचे नियम करावेत. झाड आधी आणि हक्क नंतर असे झाले, तर झाडाच्या नावाने आमच्यावर आणखी एक बंदी येईल.

डोंगरकडा

खोतीगावकर यांचा हक्काचा मुद्दा मी नाकारत नाही. पण दावे मंजूर व्हायला आणखी दहा वर्षे लागली, तर तोपर्यंत आज फुलोऱ्यावर असलेली झाडे संपलेली असतील, हे झाडाच्या वर वर्णन केलेल्या आयुष्यक्रमावरूनच दिसते. कायद्याची गती आणि झाडाची गती यांत कोणाला थांबवायचे, याचे उत्तर या क्रमात नाही. बंदी नको असेल तर निदान काही काळ बाजार तरी बंद ठेवावा.

कुळागर

ताहिनाचे उदाहरण मी झाडांची संख्या दाखवण्यासाठी दिले नव्हते. ती जात शंभरावर येईपर्यंत कोणी लक्ष दिले नाही, आणि भिल्लमाडाच्या बाबतीत तेवढी वाट पाहण्याची गरज नाही, एवढेच मला म्हणायचे होते. आरोग्यपच्चाच्या कथेतून मी वेगळा अर्थ काढतो. तिथे कानींना पैशात वाटा मिळाला, पण वनस्पती किती काढावी आणि कुठे लावावी हे ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. म्हणून खोतीगावकर यांचा क्रम मला पटतो.

डोंगरकडा यांच्या काळजीवर मात्र दावा मंजूर होण्याची वाट न पाहता करता येईल असे काही आहे. घोस कोवळे न कापण्याचा ठराव ग्रामसभा आजही करू शकते. आपल्या वाड्यावरच्या लोकांनी आपल्यावर घातलेला नियम हा वरून आलेल्या बंदीहून वेगळा असतो, आणि असा ठराव केल्याची नोंद पुढे दाव्याच्या कामीही येईल.

खोतीगावकर

ठराव मांडता येईल. पण त्यात एक अट मी घालणार: झाडांची मोजणी आमची मुले करतील, आणि ती वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील. जो कोणी अभ्यासक येईल त्याने ती आमच्याकडे येऊन वाचावी. खालचा शेवटचा घोस प्रत्येक झाडावर राखावा की अर्ध्या झाडांचे सर्व घोस राखावेत, हे मला अजून कळलेले नाही. फुलोरा उतरवण्यासाठी झाडावर चढणाऱ्यांना ते विचारावे लागेल.