वय ३९, एएमएच कमी: को-क्यू-टेनसाठी तीन महिने थांबावं का?

नमस्कार. माझं वय ३९, एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली असावीत याचा अंदाज देणारं हार्मोन) ०.८. थायरॉइड आणि नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट ठीक आहे. वर्षभर दिवस राहिले नाहीत म्हणून आमच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवलं. पण त्याआधी तीन महिने अँटिऑक्सिडंट घ्या, बीजांची क्वालिटी सुधारेल, मग सुरू करू, असं त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर को-एन्झाइम क्यू-टेन, व्हिटॅमिन ई आणि मेलाटोनिन आहे. फोलिक ॲसिड आधीपासून चालूच आहे. याशिवाय मी केसांसाठी एक गोळी घेते, तेवढंच.

खर्चाची तयारी आहे. काळजी त्या तीन महिन्यांची वाटते, कारण या वयात तेवढेही महाग आहेत.

तीनच महिने का, ते मला पटतं. बीजकोशाच्या (ज्या छोट्या पिशवीत बीज वाढतं तिच्या) शेवटच्या वाढीला साधारण ८५ दिवस लागतात, त्यामुळे गोळीचा परिणाम व्हायचा तर तेवढा वेळ जाणारच. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे तिच्या ऊर्जाकेंद्रांना, ऊर्जा तयार करायला क्यू-टेन लागतं. वय झालेल्या उंदरांच्या माद्यांना ते दिल्यावर त्यांची बीजं सुधारली, हेही २०१५ साली प्रसिद्ध झालं आहे.

पण बायकांवरचे अभ्यास वाचले आणि माझा धीर सुटला. चीनमध्ये २०१८ साली १८६ जणींवर झालेल्या अभ्यासात निम्म्या गटाला आयव्हीएफआधी ६० दिवस रोज ६०० मिलिग्रॅम क्यू-टेन दिलं. बीजं जास्त मिळाली, भ्रूणही चांगले झाले. मात्र किती जणींना मूल झालं हे पाहिलं, तर ठाम म्हणता येईल असा फरक नव्हता. आणि त्या सगळ्या पस्तिशीच्या आतल्या! माझ्या वयात मुख्य अडचण बीजातल्या गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची असते. आपण आईच्या पोटात असल्यापासून अर्धवट विभागणीत थांबलेलं ते बीज असतं. इतक्या वर्षांनी ते गोळीने कितपत सावरणार? कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०२० च्या आढाव्यात ६३ प्रयोग आणि ७,७६० स्त्रिया आहेत. अँटिऑक्सिडंटचा उपयोग होत असावा असं त्यात म्हटलंय, पण पुरावा कमी ते अतिशय कमी दर्जाचा, हेही स्पष्ट लिहिलंय.

गोळ्या चालू ठेवून लगेच आयव्हीएफची सायकल सुरू केली तर काय बिघडेल? अडतिशीनंतर यातून गेलेल्या कुणी डॉक्टरांना हे विचारलंय का? काय उत्तर मिळालं ते प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, थांबायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरच ठरवतील, पण हा प्रश्न त्यांना अगदी याच शब्दांत विचारा. सोनोग्राफीत बीजकोश किती दिसले, तेही विचारा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून एक सांगते. केसांच्या गोळ्यांत बहुधा बायोटिन असतं. मोठ्या डोसमध्ये घेतलं तर काही मशीनवर एएमएच आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) दोन्ही खरं असेल त्यापेक्षा कमी येऊ शकतात. पाकीट बघा. आणि व्हिटॅमिन ए असलेली दुसरी कुठली मल्टिव्हिटॅमिन स्वतःहून वाढवू नका. रेटिनॉल जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो.

धागाकर्ती:
पाकीट पाहिलं, बायोटिन १० मिलिग्रॅम लिहिलंय. रक्त दिलं तेव्हा ही गोळी चालूच होती आणि लॅबमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते. गोळी किती दिवस बंद ठेवून दोन्ही टेस्ट पुन्हा करायच्या ते विचारते, आणि सायकलचंही. मनापासून आभार.