प्रॉक्सी रीस्टार्ट केला की चालतो, काही तासांनी पुन्हा ५०४

भरतीओहोटी: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलांसाठी (होडीचे प्रमुख) वारा, लाटा आणि भरतीच्या वेळा दाखवणारं छोटं ॲप आहे. माहिती देणाऱ्या सेवेची एपीआय की (गुप्त किल्ली) फोनमध्ये नको, म्हणून मध्ये क्लाउड व्हीएमवर (आभासी सर्व्हरवर) एनजिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे विनंती पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, ठेवलाय, उबुंटूवर. काही तास सुरळीत, मग ५०४ (समोरून वेळेत उत्तर नाही), तेही बरोब्बर ६० सेकंद थांबून. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) १२० केला तरी ६० लाच तुटतं. त्याच व्हीएमवरून कर्ल (थेट विनंती पाठवणारी कमांड) मारलं तर उत्तर लगेच. ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ पण दिसतात. मोठा व्हीएम घ्यावा का?

खाडीपलीकडे: व्हीएमला हात लावू नका. रीड टाइमआउट वाढवूनही ६० लाच तुटतंय, म्हणजे कनेक्शनच जुळत नाहीये. ते ६० प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउटचे. एरर लॉगमध्ये 'व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम' असणार. 'व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर' असतं तर समोरचा सर्व्हर मंद म्हटलं असतं. त्याच ओळीत अपस्ट्रीमचा, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा, आयपी पत्ता छापलेला असतो, तो डिग या कमांडच्या (नावाचा आत्ताचा आयपी सांगते) उत्तराशी ताडून बघा.

प्रॉक्सी_पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ती ओळ) होस्टचं नाव थेट लिहिलं की एनजिनएक्स सुरू होताना एकदाच आयपी शोधतो आणि तोच धरून बसतो. समोरच्याने आयपी बदलला की संपलं. कर्ल दर वेळी नव्याने विचारतो, म्हणून तो चालतो. उपाय: रिझॉल्वर (नावाचा आयपी कुणाला विचारायचा) १२७.०.०.५३, व्हॅलिड ३० सेकंद. सेटने नाव व्हेरिएबलमध्ये घ्या आणि प्रॉक्सी_पासला ते व्हेरिएबल द्या. प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम (सुरक्षित कनेक्शन जुळवताना होस्टचं नाव पाठवणं) ऑन आहे ना, तेही बघा; मुळात ते ऑफ असतं.

नारळीपोफळी: प्रॉक्सी_पासमध्ये व्हेरिएबल आलं की लोकेशनमधला पाथचा सुरुवातीचा भाग आपोआप गळत नाही. '/हवामान/' सकट पूर्ण पाथ पुढे जातो आणि ४०४ मिळतो. रीराइट (पाथ बदलणारी ओळ) लावून शेवटी ब्रेक द्या, प्रॉक्सी_पासमध्ये पाथ लिहू नका. एनजिनएक्सची १.२७.३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर हा खटाटोपच नको: अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये झोन (सामायिक मेमरी) द्या, सर्व्हरच्या ओळीला रिझॉल्व्ह जोडा. रिझॉल्वर मात्र तिथेही लागतोच.

भरतीओहोटी: आयपी वेगळेच निघाले! रिझॉल्वर आणि रीराइट लावले, चालतंय. पण लॉगमध्ये अधूनमधून 'नेटवर्क इज अनरिचेबल'.

खाडीपलीकडे: व्हीएमला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी) नाही आणि डीएनएस (नावाचा आयपी सांगणारी यंत्रणा) तसा पत्ता देतोय. एनजिनएक्स तिथे आपटून पुढच्या पत्त्यावर जातो. रिझॉल्वरच्या ओळीत आयपीव्ही६ ऑफ करा.

नारळीपोफळी: ४९९ म्हणजे उत्तर यायच्या आत फोननेच कनेक्शन सोडलं. ६० सेकंद कोण थांबतो? ते कमी होतील. पण होडी किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाणारच, तेवढे राहतील. फोनला उत्तर लवकर मिळावं म्हणून कनेक्ट टाइमआउट ५ सेकंदांवर आणा आणि प्रॉक्सी_कॅश (आलेली उत्तरं साठवणं) लावा. भरतीच्या वेळा आधीच गणित करून काढलेल्या असतात, तिथे यूज_स्टेल (समोरचा बंद असताना साठवलेलं जुनं उत्तर देणं) बिनधास्त वापरा. वाऱ्याच्या इशाऱ्याला अजिबात नको. सकाळचा शिळा 'वारा मंद' वाचून कुणी होडी बाहेर काढली तर? त्यापेक्षा स्क्रीनवर 'माहिती नाही' दिसलेलं बरं.