सुवर्णमहोत्सवी फलकावरील नावे : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. प्रवेशद्वाराशी बसवायच्या ग्रॅनाइटच्या फलकाचा मजकूर वर जोडला आहे. संस्थापक सभासदांची १६ नावे शेअर सर्टिफिकेटच्या नोंदवहीवरून जशीच्या तशी घेतली आहेत. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या रविवारपर्यंत कळवाव्यात. सोमवारी मजकूर कोरायला जाईल.

ए-३०१ : सचिव साहेब, शुद्धलेखन निर्दोष आहे. मात्र १६ नावांत एकही बाई नाही, आणि या इमारतीची पहिली दहा वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वाचताना नक्कीच खटकेल.

बी-१०४ : ताई, नोंदवहीत जे आहे तेच फलकावर येणार. त्या काळी घर पुरुषाच्या नावे घेत असत, ती रीतच होती. त्यावरून कोणी कोणाचे नाव पुसले असे म्हणणे मला पटत नाही. आणि आपल्या गोरेगावात तर मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. बायकांना विसरण्याचा आरोप निदान आपल्यावर तरी नको.

ए-३०१ : काका, मृणालताईंचे नाव राहिले याचा आनंदच आहे, पाण्यासाठी त्या लढल्या, १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या, ‘पाणीवाली बाई’ म्हणून घराघरांत पोहोचल्या. पण १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात त्यांच्या आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागून लाटणी घेऊन ज्या हजारो बायका रस्त्यावर आल्या, त्यांतल्या कोणाचे नाव कुठे आहे? नेतृत्वाचे नाव पुलावर गेले की बाकीच्यांची आठवण ठेवण्याची जबाबदारी संपली, असे आपण सोयीने मानतो. मागच्या महिन्यात मी आपल्या जुन्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचली. बायकांचा उल्लेख सापडला तो एवढाच : ‘महिलावर्गाने अल्पोपाहाराची उत्तम व्यवस्था केली.’ पाण्याच्या जोडणीसाठी वॉर्ड ऑफिसात खेटे कोणी घातले, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. इतिवृत्तात मात्र ‘समितीने पाठपुरावा केला’ असे आहे, आणि त्या समितीत एकही बाई नव्हती.

सी-५०२ : काकू, हे जगभर असेच झाले. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्राचा डीएनएची रचना उलगडताना उपयोग झाला आणि नोबेल मात्र तीन पुरुषांना मिळाले.

बी-१०४ : हे उदाहरण नेहमी देतात, पण ते पूर्ण सांगत नाहीत. त्या १९५८ मध्ये वारल्या आणि पुरस्कार १९६२ चा आहे. नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

ए-३०१ : काकांचा मुद्दा रास्त आहे. लिझे माइट्नर यांचे उदाहरण अधिक नेमके ठरेल. अणूच्या विखंडनाचा अर्थ त्यांनी आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी १९३९ मध्ये मांडला. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र त्यांचे सहकारी ऑटो हान यांना एकट्यालाच मिळाले, आणि तेव्हा माइट्नर हयात होत्या. पण इतक्या दूर जायला नको, कारण आपल्याच शहरात जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी होत्या.

माहेरच्या भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन त्या बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक असलेल्या सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्यावर दिला तोही अशा अटीवर, की पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या प्रथिनावर संशोधन करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. आता गंमत पाहा, काका : केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व दिले ते १९४८ मध्ये. काम पुरे आणि सभासदत्व अर्धे, हा प्रकार आपल्या नोंदवहीपुरता नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला, नीरा या ताडाच्या रसावर संशोधन केले, आरेच्या दूध प्रकल्पाला दर्जाबाबत सल्ला दिला. आरे इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी ग्रुपवर किती जणांनी हे नाव ऐकले होते?

बी-१०४ : मी दुर्गाबाईंचे पुष्कळ वाचले आहे. कमलाबाईंचे नाव आज प्रथमच ऐकले, हे खरे. तरीही माझा प्रश्न कायम आहे : पुराव्याशिवाय फलकावर नाव घालायचे कसे? उद्या प्रत्येक घरातून एक नाव येईल.

ए-३०१ : पुरावा हवाच. पण शेअर सर्टिफिकेट हा पैशाचा पुरावा आहे, श्रमाचा नव्हे. संस्थापकांची यादी त्यावरून घ्यावी. त्याखाली ‘इमारत उभी करण्यात सहभाग’ असा वेगळा भाग असावा आणि त्यात नावापुढे काम लिहावे. नुसते ‘समस्त महिलावर्गाचे आभार’ असे लिहिणार असाल तर मुळीच लिहू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

सी-५०२ : आणि ती नावे बायकांची स्वतःची असावीत, ‘सौ.’ लावून नवऱ्याची नव्हेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक झाले आहे. माझ्या मुलीच्या नावानंतर आधी माझे नाव येते, मग वडिलांचे. सरकारला जे जमले ते सोसायटीला जमायला हरकत नसावी.

बी-१०४ : पुराव्याचेच म्हणाल तर एक गोष्ट माझ्या घरात आहे. पाण्याच्या टाकीची वर्गणी माझ्या आईने दारोदार फिरून गोळा केली होती. तिची लाल कापडी बांधणीची वही कपाटात आहे. कोणी कधी किती दिले आणि कोणत्या बाई तिच्याबरोबर फिरल्या, हे सगळे त्यात आहे. मात्र नावे ‘दोनशे एकच्या वहिनी’, ‘मास्तरीणबाई’ अशी लिहिलेली आहेत. फलकासाठी ती चालायची नाहीत.

सचिव : वही शनिवारी कार्यालयात आणावी, पाने स्कॅन करून ग्रुपवर टाकतो. मजकूर सोमवारी जाणार नाही. कारागिराला आणखी आठ दिवस थांबायला सांगितले आहे. फलकाच्या खालच्या अर्ध्यात दहा ओळी बसतील, त्यापेक्षा अधिक नावे निघाल्यास अक्षर लहान करावे लागेल.

ए-३०१ : अक्षर लहान करा, नावे कमी करू नका. ‘मास्तरीणबाई’ म्हणजे सी विंगमधल्या, ज्या पुढे डोंबिवलीला राहायला गेल्या. त्यांच्या मुलाचा नंबर कोणाकडे असल्यास कृपया मला खासगीत पाठवावा, ग्रुपवर टाकू नये.