फोर्कलिफ्टची धडक बसून रॅकचा खांब वाकलाय, माल उतरवावा का?

प्रश्न (अंबड एमआयडीसी, शिफ्ट सुपरवायझर): गोदामात कोपऱ्यावरचा खांब खालून आत दबलाय. वर ३ थर पॅलेट आहेत. पीव्हीसीची पोती, डिस्पॅच उद्या. काय करू?

उत्तर १: आधी मोजा. १ मीटरची सरळ पट्टी दबलेल्या जागी मध्यभाग येईल अशी लावा. समोरून आत ३ मिमी किंवा बीमच्या (पॅलेट टेकतात त्या आडव्या दांड्याच्या) दिशेने ५ मिमीपेक्षा जास्त फट म्हणजे खांब बिघडला. पुढचा-मागचा खांब जोडणाऱ्या आडव्या-तिरक्या पट्ट्यांना १० मिमीपर्यंत चालतं. मर्यादेच्या दुप्पट झालं, चीर किंवा घडी दिसली, तर त्या खांबाच्या दोन्ही बाजूंच्या खणांतला माल लगेच उतरवा, तोही वरच्या थरापासून. उतरवताना शेजारच्या गल्लीतही कोणी नको. डिस्पॅच थांबलं तरी चालेल.

उत्तर २: हातोड्याने सरळ करणं किंवा वेल्डिंग, दोन्ही नको. पत्रा थंड वळवून केलेला असतो, तापवला की ताकद जाते. रॅक बनवणाऱ्या कंपनीचाच खांब बदलून घ्या. बीमच्या सेफ्टी पिनाही बघा, नेहमी त्याच गायब असतात. पिन नसेल तर पॅलेट उचलताना काटा लागून बीम सुटतो.

उत्तर ३: मूळ कारण वळणात आहे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे शेपूट बाहेर फिरते आणि ड्रायव्हर मात्र पुढे बघत असतो. कोपऱ्याला जमिनीत बोल्ट केलेला गार्ड लावा, रॅकला नव्हे.

प्रश्नकर्ता: समोरून ८ मिमी निघाला. दोन्ही खण रिकामे करतोय.