अनुभव धागा : रविवारी तारण, सोमवारचं काय?

धागाकर्ती

सर्वांना जय ख्रिस्त. जे ख्रिस्ती नाहीत पण वाचायला आलेत त्यांना नमस्कार, बसा निवांत.

मागच्या रविवारी उपासनेत इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय होता. आठवं-नववं वचन आपल्या संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतं. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, कर्माची कमाई नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. दहावं वचन मात्र कुणी पाठ करत नाही. त्यात पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित, म्हणतो की देवानं आपल्याला ख्रिस्त येशूमध्ये घडवलंय ते सत्कृत्यांसाठीच. उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी यावरून जुंपली. एक काका म्हणाले, "एकदा तारण झालं म्हणजे झालं." काकू लगेच म्हणाल्या, "झालंय तर घरात पण दिसू दे की जरा."

हा धागा काकूंच्या बाजूनं आहे असं समजा. तारण फुकट मिळालं हे तुम्ही मानता, तर त्यानंतर नोकरीत, घरात, रस्त्यावर काय बदललं? की काहीच नाही? आपलं स्वतःचं लिहा. प्रवचन नको, वचनांची माळ नको, मंडळ्यांची (चर्चची) आणि माणसांची नावं तर अजिबात नको. "तुम्ही पण या" असं कुणाला सांगायचा हा धागा नाही. चमत्काराची साक्ष, म्हणजे स्वतःचा अनुभव, असेल तर जरूर द्या, फक्त सोबत औषध चालू होतं का तेही लिहा.

ओतकाम

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला होतो. घरचे माळकरी, आजही आहेत. मी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला. त्यावरून घरात काय काय झालं तो वेगळा विषय.

ओतकामात वायू अडकला की कास्टिंगला भोक राहतं, ब्लो होल म्हणतात. बारीक असेल तर गिऱ्हाईकाला विचारून वेल्डिंग करतात, त्यात लबाडी नाही. पण महिनाअखेरीला डिस्पॅच अडला की पुट्टी भरायची, घासायची आणि वरून प्रायमर मारायचा. रंग वाळला की बघणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते गाडी रस्त्यावर असताना. अशीच एक ट्रॉली भरून सेकंड शिफ्टला माझ्यासमोर आली, शनिवारी. दुसऱ्या दिवशी प्रभूभोजन, येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घ्यायचा विधी. मी सही करत नाही म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, "तुझा येशू इन्सेंटिव्ह देणार हाय काय?" म्हटलं, नाही देणार. सही दुसऱ्यानं केली, माल रात्रीच गेला. मला आठवड्याभरात फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, टाकलं, ग्राइंडरच्या धुळीत. पुढं मालकाचे डोळे उघडले वगैरे काही झालं नाही.

मी हे प्रार्थना सभेत साक्ष म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. नंतर पाळक साहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, बाजूला घेतलं. म्हणाले, "सही केली असतीस तर तुझं तारण रद्द झालं असतं, असं वाटतं काय तुला?" मी गप्प. मग म्हणाले, "आणि केली नाहीस म्हणून ते पक्कं झालं असंही नाही. ते येशूच्या वधस्तंभावर झालंय, तुझ्या जन्माच्या आधी. म्हणून तर तू बिनधास्त खरं बोलू शकतोस." तेव्हा राग आला. आम्ही शाबासकीच्या अपेक्षेनं उभे, आणि हे असं. आता फेटलिंगमध्ये आवाज एवढा असतो की विचार करायला वेळच वेळ. त्यांचं पटलंय.

कोडोलीची नात

माझी साक्ष फिकी आहे, आधीच सांगते.

मी जन्मानं ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण (तोच विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), उपासना संगीत या गीतपुस्तकातली निम्मी गीतं तोंडपाठ. संजीवन सभांना, म्हणजे विश्वास जागवायच्या मेळाव्यांना, बाहेरचे वक्ते यायचे आणि विचारायचे, "तुझं तारण कधी झालं? तारीख सांग." माझ्याकडे तारीखच नाही! दारू सोडलेली नाही कारण कधी घेतलीच नाही. मैत्रिणी रडत पुढं जायच्या आणि मी बाकावर बसून घाबरायचे, की आपलं राहिलंच की काय.

त्यात घरात काही मंडळींची ऐट वेगळीच. "आम्ही वायल्डर साहेबांच्या काळापासूनचे." वायल्डर हे मिशनरी पतिपत्नी कोल्हापुरात आले १८५२ साली, म्हणजे कृपा आमच्याकडं वतन म्हणून चालत आल्यासारखं बोलायचे. या दोन्हींच्या मध्ये मी अडकलेली.

मला बाहेर काढलं दोघींनी. एक पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांनीच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी बाई हे कबूल करते म्हटल्यावर आपण कशाला लाजायचं? म्हणजे नाव, वतन, दाखला यांनी भागत नाही, विसंबायचं त्याच्यावरच.

दुसरी माझी आजी. कोडोलीला चुलीवर भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूच्या पत्र्याच्या डब्यात जायची. दुष्काळात मूठ लहान व्हायची पण जायची. डबा भरला की देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. मी एकदा विचारलं, "देव खूश होतो का गं?" तर म्हणाली, "त्यो हायच खूश. आपल्याला सवय राहावी म्हणून." पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आई युनीके, मग तो, त्याचीही तारीख पौलानं कुठं दिलेली नाही. संजीवन सभेत आता कुणी विचारलं तर मी आजीचं नाव सांगते.

शेजारी

मी ख्रिस्ती नाही, राजारामपुरीत राहतो, पण प्रश्न आहे. आमच्याकडं कर्माचा हिशोब असतो, जसं कराल तसं भराल. तुमच्याकडं कर्मानं काही मिळतच नाही म्हणता, तर चांगलं वागायचं कशाला? टोमणा नाही हं. २०१९ च्या महापुरात आमच्या पाहुण्यांना वरच्या मजल्यावर ज्यांनी ठेवून घेतलं ते कुटुंब तुमच्यातलंच. त्यांना तेव्हा विचारायचं राहून गेलं.

धागाकर्ती

शेजारी, प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. पौलालाही लोकांनी हेच विचारलं होतं, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? त्यानं साफ नाही म्हणून सांगितलं.

मला लूकच्या शुभवर्तमानातले दोघे शेजारी-शेजारी ठेवले की उलगडतं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर: त्याच्याकडे चांगलं वागायला वेळच उरला नव्हता. फक्त "माझी आठवण ठेव" म्हणाला, आणि त्याच दिवशी सुखलोकात असशील असं उत्तर मिळालं. दुसरा जक्कय, जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. जक्कय चढून बसला होता त्या झाडाखाली येशूनं थांबून आधी सांगितलं की आज तुझ्या घरी मुक्काम. "आधी लोकांचे पैसे परत कर, मग येतो" असं नाही म्हणाला. तरी जक्कय उठला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट. त्याला वेळ होता, मग त्या वेळात हे झालं. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, तो या जक्कयासारख्यांबद्दल बोलतोय, चोराबद्दल नव्हे. ही माझी समजूत. मंडळीतले वडील वेगळं सांगू शकतील.

तीनचाकी

मी रिक्षा चालवतो. लिहायची सवय नाही, पोरगी टाईप करत्या.

दारू प्यायचो. किती ते इचारू नका, बायकोनं गळ्यातलं गहाण टाकलं म्हंजे समजा. एका घरच्या प्रार्थनेला बायकोनं ओढत नेलं, तिथं प्रभूचा स्वीकार केला. लई हलकं वाटलं. दारू सुटली. सगळीकडं साक्ष देत फिरलो, माझा फोटो काढला लोकांनी. मग भावाच्या लग्नात परत प्यालो, आणि तिथनं घसरगुंडी. मंडळीत जायचं तोंड राहिलं नव्हतं. वाटायचं, तारण मिळालं हुतं ते गेलं.

एक म्हातारे काका स्टॉपवर यायचे. रिक्षात बसायचं नाही, नुसतं उभं राहायचं. त्यांनी पेत्राची गोष्ट सांगितली. येशूचाच शिष्य, पण कोंबडा आरवायच्या आधी तीनदा येशूला वळखत न्हाई म्हणाला त्यो. मला म्हायती हुती. मला म्हायती नव्हतं ते पुढचं, की प्रभू उठल्यावर तळ्याच्या काठाला शेगडी पेटवून मासं भाजून बसला आणि त्याला न्याहारीला बोलावलं. शिवी न्हाई, हिशोब न्हाई. "माझ्यावर प्रीती करतोस काय", तीनदा. आणि काम दिलं, मेंढरं चार म्हणून. मी हायवेलाच रिक्षा बाजूला घेतली हे आठवून.

धागाकर्तीबाईंनी औषधाचं लिहा म्हटलंय, तर हो. काकांनीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडं पण नेलं. गोळ्या चालू हुत्या, महिन्याचे ग्रुप चालू हायत. प्रार्थना पण चालू हाय. कशानं किती झालं ते मला इचारू नका. आता सोमवारचं म्हणाल तर मीटरनं जातो. स्टँडवरची पोरं हसत्यात.

पांढरा गणवेश

तीनचाकी दादा, गोळ्यांचं लिहिलंत, फार बरं केलंत.

मी मिरजेला नर्सिंग शिकले, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या हॉस्पिटलात. तिथं प्रार्थना आणि उपचार यांचं भांडण मी कधी पाहिलं नाही. ऑपरेशनआधी प्रार्थना करायची, मग हात नीट घासून धुवायचे. दोन्ही मनापासून.

नंतर कोल्हापुरात नोकरी करताना एक मावशी आल्या, साखर प्रचंड वाढलेली, पायाला जखम. कुठल्याशा सभेत सांगितलं होतं म्हणे, विश्वास पुरा असेल तर इन्सुलिन कशाला. मावशींनी बंद केलं. जखम काळी पडली तेव्हा त्याच लोकांनी सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. ड्रेसिंग करताना मावशी मला विचारत होत्या, "माझं तारण तरी झालंय ना गं?" पायापेक्षा त्याची भीती जास्त. मला आजही याचा संताप येतो. पौलाच्या शरीरात काटा होता, त्यानं तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता का मग? विश्वास म्हणजे देवाला दिलेली लाच नव्हे. मी मावशींना एवढंच म्हटलं, "तारण झालंय, आणि इन्सुलिन पण घ्यायचं." पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या अजून आमच्या महिला मंडळात येतात, गातात पण सुरात.

दाखला

मी लिहू की नको असं चाललं होतं.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती माणूस बाहेर. वस्ती तीच, आडनाव तेच, लोकांची नजर तीच, फक्त कागद बदलतो. आमच्या वडिलांनी दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलं. चुलत्यांनी जुनंच ठेवलं. रविवारी दोघं एकाच बाकावर. चुलतभाऊ शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला, मी आयटीआय केला.

रोमकरांस पत्रात आहे, येशू प्रभू आहे असं मुखानं कबूल करशील आणि अंतःकरणात विश्वास ठेवशील तर तुझं तारण होईल. मुखानं कबूल करायचं ते तहसीलच्या फॉर्मवर पण का? वडील म्हणायचे, हो. मी त्यांच्या बाजूचा आहे, मुलीच्या फॉर्मवर मीही तेच लिहिलं. पण चुलत्याला अविश्वासू म्हणायला माझी जीभ वळत नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री-रात्री उशाला तोच बसला होता. राजर्षी शाहूंच्या काळात या गावात ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह निघालं होतं, तेव्हा धर्म बघून दार बंद झालं नव्हतं. असो. यावर वाद नको, मी उत्तर देणार नाही.

मागचा बाक

वय बावीस. मला अजून खात्री नाही. मार्कच्या शुभवर्तमानातला तो आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाक. माझं सध्या तेवढंच चालू आहे. उपासनेला येतो, तरुण संघात गिटार वाजवतो. चालेल ना?

धागाकर्ती

चालेल. गिटार ट्यून करून आणत जा फक्त.

धाकटी

माझं भावाशी जागेवरून कोर्टात चालू आहे. वडिलांच्या मागं प्लॉट एकट्याच्या नावावर करून घेतला, माझी सही कशी आली ते त्यालाच ठाऊक. क्षमा कर म्हणून सगळे सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं?

प्रभूची प्रार्थना म्हणताना, आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे तसे आमची ऋणे सोड, तिथं मी तोंड मिटायचे. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. शेजारच्या बाईंना एकदा ते कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या रविवारपासून ती ओळ त्या जरा मोठ्यानं म्हणायला लागल्या. मला आधी टोमणा वाटला. मग त्यांनीच सांगितलं, "तुझ्या वाटणीची पण म्हणते, तुला जमेपर्यंत."

केस मागं घेतलेली नाही, घेणारही नाही. हक्क सोडणं आणि क्षमा करणं एकच, असं मला कुणी वचनातून दाखवलेलं नाही. पण वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा नेला. भावानं दार उघडलं, डबा घेतला, आत या म्हटलं नाही. मीही थांबले नाही. आता त्या ओळीचे पहिले दोन शब्द म्हणते. पुढच्या गुरुवारी कसबा बावड्याला तारीख आहे, प्रार्थना करा. निकालासाठी नको, माझ्या जिभेसाठी करा, तिथं कॉरिडॉरमध्ये समोरासमोर येतो आम्ही.

तीनचाकी

ताई, गुरुवारी बावड्याला सोडतो. भाडं घेणार, पण मीटरनं. किती वाजता येऊ?